विमानातल्या फोनवरचा जुना खटला

विमानात विजेवरचे दाढीचे यंत्र चालवायला कायद्याची हरकत नाही. अमेरिकेच्या हवाई नियमावलीतले ९१.२१ हे कलम प्रवाशांची इलेक्ट्रॉनिक उपकरणे चालवायला मनाई करते आणि लगोलग अपवाद सांगते: आवाज टिपणारे यंत्र, कानाचे यंत्र, हृदयाचा पेसमेकर आणि दाढीचे यंत्र. सुटाबुटातले साहेब लोकच तेवढे विमानाने जात, तेव्हाची ही यादी आहे हे वाचताक्षणी कळते. शेवटचा अपवाद मात्र दूरदृष्टीचा आहे. विमान कंपनीने स्वतः तपासून ‘यामुळे दिशादर्शनाला किंवा संदेशवहनाला बाधा येत नाही’ असे ठरवलेले कोणतेही उपकरण चालेल, असे तो म्हणतो. म्हणजे निर्दोष ठरायची जबाबदारी उपकरणाची आणि तपासणीचा खर्च कंपनीचा. कंपन्यांनी पुढे कित्येक दशके हा खर्च केला नाही. ‘बंद ठेवा’ म्हणायला पैसे पडत नव्हते.

फोनमुळे विमानाची यंत्रे बिघडतात का, याची दोन उत्तरे आपल्याकडे चालतात. एक उड्डाणापूर्वीच्या घोषणेतले गंभीर उत्तर, दुसरे शेजारच्या सीटवरचे ‘अहो, काही होत नाही’. दोन्ही अर्धवट आहेत. साठ वर्षांत जमलेला पुरावा एकत्र मांडून पाहिला तर माझे मत असे होते की बाधा हे थोतांड नाही. पण प्रवाशाच्या हातातला फोन हा त्यातला सर्वांत दुबळा आरोपी होता, आणि तोच पुन्हापुन्हा धरला गेला, कारण केबिनमध्ये दटावता येण्याजोगा तो एकटाच होता.

खटल्याची सुरुवात मोबाइलने नव्हे, एफएम रेडिओने झाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ट्रान्झिस्टर सेट हातात आले आणि प्रवासी खिडकीशी बसून ते लावू लागले. रेडिओ नुसता ऐकतो, तो काय पाठवणार, असे कोणालाही वाटेल. पण स्टेशन पकडण्यासाठी सेटला स्वतःच्या पोटात एक लहर तयार करावी लागते. एफएम सेटमध्ये ती बहुधा हव्या त्या स्टेशनापेक्षा १०.७ मेगाहर्ट्झने वरची असते. मुंबईत ९८.३ वर रेडिओ मिर्ची लावली की सेटच्या आत १०९ मेगाहर्ट्झची लहर उठते आणि तिचा थोडा अंश बाहेर झिरपतो. एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा. त्यात १०.७ मिळवले की ९८.७ ते ११८.७ होतात. आणि १०८ ते ११८ हा पट्टा तर जगभर विमानांच्या दिशादर्शनासाठी राखलेला आहे. व्हीओआर नावाची जमिनीवरची दिशादर्शक केंद्रे त्यातच बोलतात, धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारा लोकलायझरही त्यातच. खिशातला सेट नकळत त्याच पट्ट्यात कुजबुजत होता.

१९६१ साली अमेरिकेने विमानात एफएम रेडिओ वापरायला बंदी घातली. १९६३ मध्ये आरटीसीए या तांत्रिक संस्थेचा या विषयावरचा पहिला अहवाल आला. मग १९८८, १९९६ आणि त्यानंतरही तिचे अहवाल येत राहिले; बाजारात नवे उपकरण आले की नवी समिती बसे. गंमत अशी की एफएमच्या बाबतीत खरी डोकेदुखी सेटपेक्षा स्टेशनांची निघाली. १०७च्या आसपास किलोवॅटच्या किलोवॅट ओतणारा शहरातला मनोरा आणि त्याला लागून असलेला लोकलायझर यांचे जमेना, तेव्हा विमानातल्या रिसीव्हरांनीच एफएम प्रक्षेपण सहन करण्याची क्षमता अंगी बाणवावी असे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ठरवले. १ जानेवारी १९९८ पासून ती अट लागू झाली. स्टेशन बंद करा असे कोणी म्हणाले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिची आठवण होईल.

बाधा म्हणजे नेमके काय होते, हे लोकलायझरवरून चांगले समजते. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाशी बसवलेले अँटेना एकाच कंप्रतेवर दोन सूर पाठवतात, एक सेकंदाला ९० कंपनांचा, दुसरा १५० चा. उतरायला येणाऱ्या विमानाच्या डाव्या हाताला ९०चा सूर जोरात असतो, उजव्या हाताला १५०चा. बरोबर मध्यरेषेवर दोन्ही समान. कॉकपिटमधली सुई या दोन सुरांतला फरक दाखवते, दुसरे काही नाही. उताराचा कोन दाखवणारा ग्लाइड स्लोपही ३३० मेगाहर्ट्झच्या आसपास याच हिशेबाने चालतो. धुक्यात बाहेरचे काही दिसत नसताना वैमानिक, किंवा ऑटोपायलट, या फरकावर विसंबून शेदीडशे माणसे खाली आणतो. परकी लहर त्या रिसीव्हरमध्ये शिरली आणि सुरांचा तोल किंचित ढळला, तर सुई खोटे बोलू शकते. सिग्नल पार बुडाला तर यंत्र लाल खूण दाखवते आणि वैमानिक सावध होतो. भीती असते ती सिग्नल थोडासा बिघडण्याची.

परक्या लहरीला आत यायला दोन वाटा आहेत. पहिली अँटेनाची. विमानाचे अँटेना बाहेर असतात आणि ॲल्युमिनियमचे अंग आतल्या लहरी अडवते, पण खिडक्या आणि दरवाज्यांच्या फटी त्या बाहेर सोडतात. दुसरी वाट तारांची. केबिनच्या भिंतीमागून आणि पायाखालून कित्येक किलोमीटर तारा गेलेल्या असतात. त्यांतल्या एखाद्या तारेने लहर उचलली तर ती थेट यंत्रापर्यंत पोचते. जुन्या जीएसएम फोनची ओळख ज्यांना स्पीकरच्या ‘टर्र-टर्र-टर्र’ आवाजाने पटलेली आहे, त्यांनी ही दुसरी वाट घरीच ऐकलेली आहे. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा झटके देत बोलायचा आणि स्पीकरची तार ते झटके उचलायची. वैमानिकांच्या हेडफोनमध्येही हाच आवाज यायचा. त्यात धोका किती हा वाद असेल, पण उतरताना नियंत्रण कक्षाची सूचना ऐकायची असते तेव्हा तो नको असतो, यात वाद नाही.

आता पुरावा. या विषयावरची सर्वांत वाचनीय साक्ष बोइंगने स्वतः दिली आहे. १९९५ मध्ये एका ७३७ विमानात प्रवाशाच्या लॅपटॉपमुळे ऑटोपायलट सुटल्याची तक्रार आली. बोइंगने तो लॅपटॉप प्रवाशाकडून विकतच घेतला आणि प्रयोगशाळेत मोजला. विमानातल्या यंत्रांना जेवढे उत्सर्जन माफ असते त्यापेक्षा तो बऱ्याच कंप्रतांवर जास्त उत्सर्जन करत होता. मग तेच विमान, तोच लॅपटॉप आणि तशीच परिस्थिती जमवून दोन चाचणी उड्डाणे केली. काहीही झाले नाही. १९९६-९७ मध्ये ७६७ विमानांबद्दल आठ महिन्यांत पाच तक्रारी आल्या: विमान आपोआप कलते, पडदे कोरे होतात, ऑटोपायलट सुटतो. संशयित एकच, हातात धरून खेळायचे एक लोकप्रिय खेळयंत्र. एका उड्डाणात तर कर्मचाऱ्यांनी ते यंत्र चालू-बंद करून बिघाड येतो-जातो हे पाहिले. तेच यंत्र दुसऱ्या विमानात नेले, तर ते गरीब गायीसारखे. १९९८ मध्ये एका ७४७ ने हलकेच वळण घेतले. प्रवाशाचा पामटॉप बंद केल्यावर मिनिटभरात ते मार्गावर आले. वैमानिकांनी पामटॉप कॉकपिटमध्ये मागवला, चालू केला, बिघाड परत आला. बंद केला, गेला. बोइंगला तो पामटॉप मिळाला नाही. त्याच मॉडेलचा दुसरा आणून तपासला, त्यातून काही निघाले नाही.

या तीन प्रकरणांवर मी बराच वेळ थांबलो, कारण सारा विषय त्यांत सामावला आहे. अनुभवी वैमानिक डोळ्यांनी पाहिलेले सांगतात, ते खोटे बोलत नाहीत. आणि अभियंते तेच पुन्हा घडवू पाहतात तेव्हा ते घडत नाही. दोघांनाही वेड्यात काढायचे कारण नाही. बाधा अनेक गोष्टी एकाच वेळी जुळल्या तरच होते: उपकरण कोणत्या रांगेत आहे, कोणत्या दिशेला वळलेले आहे, त्याचे आवरण पडून फुटले होते का, बॅटरी किती उरली आहे, त्या विशिष्ट विमानातल्या तारेवरचे संरक्षक जाळे वीस वर्षांत कोठे सैल झाले आहे, जोडणीत गंज चढला आहे का. यांतले एक निसटले की प्रयोग फसतो. दुसरीकडे माणसाचे मनही हिशेबात धरावे लागते. यंत्रे अधूनमधून बिघडतातच आणि आपोआप सुधारतात. त्या वेळी कोणीतरी फोन बंद केला असेल तर कार्यकारणभाव पक्का झालाच म्हणून समजा. दोनशे प्रवाशांच्या विमानात कोणत्याही क्षणी कोणी ना कोणी काहीतरी बंद करतच असते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेकडे २००३ ते २००९ या काळात अशा ७५ घटना नोंदल्या गेल्या, ज्यांत उपकरणांचा संबंध असावा असे विमानातल्या लोकांना वाटले. एवढ्या वर्षांतली जगभरची उड्डाणे लक्षात घेता हा आकडा फारच लहान, पण शून्य नाही.

अपघातांकडे वळले की चित्र आणखी बोलके होते. १० जानेवारी २००० रोजी क्रॉसएअरचे एक साब ३४० विमान झुरिकहून उडाल्यावर दोनेक मिनिटांत कोसळले, विमानातले सगळे १० जण गेले. लगेच संशय मोबाइलवर आला. चौकशीअंती वैमानिकाला अंधारात विमानाच्या स्थितीचे भान राहिले नाही असा निष्कर्ष निघाला आणि फोन सुटला. ७ ऑक्टोबर २००८ रोजी क्वांटासचे ए३३० विमान सिंगापूरहून पर्थला जाताना दोनदा एकाएकी नाक खाली घालून झेपावले. शंभरावर माणसे जखमी झाली. तेव्हाही प्रवाशांच्या लॅपटॉपची चर्चा वर्तमानपत्रांत रंगली. ऑस्ट्रेलियाच्या तपास संस्थेने तीन वर्षे खपून दाखवून दिले की वेग आणि कोन मोजणाऱ्या एका संगणकाने चुकीचे आकडे फेकले आणि उड्डाण नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरने ते गाळले नाहीत. उपकरणांचा हात असण्याची शक्यता तिने अत्यंत कमी ठरवली.

फोनच्या विरोधात उभे राहते ते एकच प्रकरण, न्यूझीलंडमधले. ६ जून २००३ च्या संध्याकाळी क्राइस्टचर्चला उतरू पाहणारे पायपर चीफ्टन हे छोटे भाड्याचे विमान धावपट्टीच्या अलीकडेच झाडांना भिडले. १० पैकी ८ जण ठार झाले, वैमानिकही. उड्डाणाच्या शेवटच्या तीन मिनिटांत वैमानिकाचा स्वतःचाच मोबाइल जोडलेला होता असे तपासात दिसले, आणि त्यामुळे ग्लाइड स्लोपची सुई चुकीचे दाखवत असण्याची शक्यता अहवालाने नोंदवली. शक्यता, एवढेच. तरी नीट पाहा: विमान छोटे, फोन केबिनच्या मागच्या रांगेत नाही तर यंत्रांच्या पुढ्यात, आणि खाली उतरण्याची वेळ. भौतिकशास्त्राने जिथे बोट ठेवले असते नेमकी तीच जागा. घोषणा मात्र नेहमी मागच्या रांगांसाठी होते.

प्रयोगशाळेतली साक्षही फोनला पूर्ण सोडत नाही. सॅमसंगच्या एका विशिष्ट मॉडेलमुळे छोट्या विमानांतले जीपीएस रिसीव्हर उपग्रह हरवून बसतात असे दिसून आले, तेव्हा नासाने तो फोन मोजला. २००४ च्या त्यांच्या अहवालानुसार सुरक्षिततेची शिल्लक ऋण निघाली, म्हणजे धोका खरा होता. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही: काही लॅपटॉपही तेवढेच उत्सर्जन करत होते, आणि लॅपटॉप तर दहा हजार फुटांवर सगळे सुखाने चालवत होते. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने २००३ मध्ये टेबलावर यंत्रे मांडून, त्यांवर मोबाइलइतक्या तीव्रतेच्या लहरी सोडून पाहिल्या. होकायंत्र अडकले, व्हीओआरची सुई थरथरली, आवाजात खरखर आली. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी याच सुमारास ३७ नेहमीच्या उड्डाणांत मोजमापे घेतली. बंदी असताना दर उड्डाणात सरासरी एक ते चार कॉल होत होते आणि काही उत्सर्जन जीपीएसच्या पट्ट्यातही सापडले. त्यांनी लिहिले, काळजी घ्या. वाचणाऱ्यांनी त्यातून दुसराच अर्थ काढला: बंदी आहे, लोक पाळत नाहीत, आणि विमाने तर पडत नाहीत.

मोबाइल कॉलच्या बंदीमागे एक वेगळीच कथा आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९९१ मध्ये हवेत मोबाइल वापरायला मनाई केली ती विमानाच्या काळजीने नव्हे, जमिनीवरच्या मनोऱ्यांच्या काळजीने. खाली उभ्या माणसाच्या फोनला चार-सहा मनोरे दिसतात. दहा किलोमीटर उंचीवरून शेकडो. त्या सगळ्यांवर एकच फोन एकाच वेळी आदळला तर नेटवर्कचा हिशेब कोलमडेल अशी भीती होती. विमान वाहतूक खाते आणि दूरसंचार खाते यांची कारणे वेगवेगळी, घोषणा मात्र एकच, त्यामुळे प्रवाशाच्या डोक्यात दोन्ही एकत्र झाली. यावरचा तांत्रिक उपाय साधा होता. विमानातच एक छोटा मनोरा बसवला की फोनला ओरडावे लागत नाही, तो सर्वांत कमी शक्तीवर बोलतो. २० मार्च २००८ रोजी एमिरेट्सच्या दुबई-कासाब्लांका विमानात अशा व्यवस्थेवरून अधिकृत कॉल झाला. युरोपने ही वाट स्वीकारली. अमेरिकेने २०१३ मध्ये बंदी उठवण्याचा प्रस्ताव मांडला आणि २०२० मध्ये तो गुंडाळला. त्यात यंत्रांपेक्षा, पाच तास शेजारच्या माणसाचे फोनवरचे बोलणे ऐकण्याची धास्ती मोठी होती. या एका मुद्द्यावर मी अमेरिकेच्या बाजूचा आहे.

बंदी ढासळली ती मात्र विज्ञानाने कमी, हास्यास्पद ठरल्याने जास्त. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने उड्डाणाआधी फोनवरचा शब्दखेळ बंद करत नाही म्हणून अभिनेता ॲलेक बाल्डविनला विमानातून उतरवले. त्याच कंपनीला त्याच महिन्यात वैमानिकांनी कॉकपिटमध्ये, उड्डाण आणि उतरण्यासकट सर्व टप्प्यांत, आयपॅड वापरायची परवानगी मिळाली. पंधरावीस किलोच्या नकाशांच्या बॅगा गेल्या. मागच्या रांगेतले आयपॅड धोकादायक आणि सुईच्या शेजारचे निर्धोक, हे कोणाला पटवायचे? अर्थात वैमानिकांचे आयपॅड तपासलेले होते आणि संख्येने दोनच होते, हे उत्तर बरोबर आहे. पण ते कोणी ऐकून घेतले नाही. २०१३ च्या एका पाहणीत तीस टक्के प्रवाशांनी उपकरण चुकून चालूच राहिल्याचे कबूल केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २८ जणांची समिती नेमली. ३१ ऑक्टोबर २०१३ ला निर्णय आला: कंपनीने आपली विमाने तपासून घ्यावीत, मग फ्लाइट मोडमध्ये दारापासून दारापर्यंत सगळे चालेल. फक्त फारच कमी दृश्यता असताना, सुमारे एक टक्का उड्डाणांत, वैमानिक सगळे बंद करायला सांगू शकेल. भारताच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०१४ मध्ये तीच सूट दिली. युरोपने सप्टेंबर २०१४ मध्ये आणखी पुढे जाऊन, कंपनीची तयारी असेल तर फ्लाइट मोडचीही सक्ती ठेवली नाही. भारतात मार्च २०२० मध्ये विमानातल्या वायफायचा मार्ग मोकळा झाला.

‘म्हणजे इतकी वर्षे आपल्याला उगाच त्रास दिला’ असे यावर म्हटले जाते. तसे नाही. १९८०-९०च्या दशकांत विमानांची यंत्रे रडार आणि विजेच्या माऱ्यापासून अधिकाधिक बंदिस्त केली गेली, चाचण्या कडक झाल्या. २०१३ चे विमान १९६३ चे नव्हते. उपकरणेही बदलली, फोन कमी शक्तीवर बोलू लागले. बंदी योग्य होती की नाही यापेक्षा ती तपासून पाहायला पन्नास वर्षे का लागली, हा प्रश्न मला जास्त खुपतो.

शिवाय सूट मिळाल्यावर एक चपराकही बसली. ७३७ आणि ७७७ विमानांत वायफाय बसवण्याच्या चाचण्यांत हनीवेलचे एका विशिष्ट पिढीचे कॉकपिट पडदे वायफायच्या कंप्रतांवर कोरे पडू शकतात असे आढळले. प्रमाणपत्रासाठी जेवढी तीव्रता सोसणे आवश्यक होते त्याहून कमी तीव्रतेत ते हार मानत होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये हे पडदे बदलण्याचा हुकूम निघाला: अमेरिकेतली १,३२६ विमाने, अंदाजे खर्च १ कोटी ३८ लाख डॉलर, मुदत पाच वर्षे. काही कंपन्यांनी तक्रार केली की प्रत्यक्ष उड्डाणात असे कधी झालेले नाही. प्रशासनाने जुमानले नाही. मला हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो, कारण पहिल्यांदाच प्रवाशाच्या हातातले काढून घेण्याऐवजी कॉकपिटमधले कच्चे यंत्र बदलले गेले. १९९८ च्या एफएमच्या अटीमागचा विचार अखेर केबिनपर्यंत पोचला.

तोवर खरे बलदंड आरोपी विमानाच्या बाहेर जमू लागले होते. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ५जी सेवा ३.७ ते ३.९८ गिगाहर्ट्झवर सुरू होणार होती. विमानाखालची जमीन किती फूट दूर आहे हे सांगणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ वर चालतो. मधले अंतर २२० मेगाहर्ट्झ, कागदावर भरपूर. पण जुने अल्टिमीटर आपल्या पट्ट्याबाहेरचेही ऐकत. शेवटच्या काही शे फुटांत ऑटोथ्रॉटल आणि ब्रेकची व्यवस्था याच आकड्यावर चालते. तो चुकला तर काय होते हे २००९ मध्ये ॲमस्टरडॅमला दिसले होते. तुर्किश एअरलाइन्सच्या ७३७ चा डावीकडचा अल्टिमीटर उणे ८ फूट दाखवू लागला, संगणकाने विमान टेकले असे समजून इंजिने मंदावली, वैमानिकांच्या वेळेत ध्यानात आले नाही आणि विमान धावपट्टीआधीच शेतात आदळले. ९ जण गेले. तिथे ५जीचा संबंध नव्हता, यंत्रच बिघडले होते. पण प्रशासनाच्या डोळ्यांसमोर ते चित्र होते. १९ जानेवारीला एअर इंडियाने अमेरिकेची काही उड्डाणे रद्द केली, त्यांत मुंबई-नेवार्कही होते. दिवसा-दोन दिवसांत तोडगा निघाला: विमानतळांजवळचे मनोरे काही काळ थांबवायचे आणि कंपन्यांनी अल्टिमीटरांना गाळण्या बसवायच्या.

आपल्याकडे ५जीचा पट्टा ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झचा, म्हणजे मधले अंतर ऐसपैस. तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार खात्याने कंपन्यांना पत्र लिहून पाच विमानतळांवर धावपट्टीच्या टोकांपासून २.१ किलोमीटर आणि मध्यरेषेपासून ९१० मीटरच्या आत या पट्ट्याचे मनोरे लावू नका असे सांगितले. दिल्ली, बंगळुरू, गुवाहाटी यांच्याबरोबर त्यात पुणे आणि नागपूर होते.

आणि जीपीएस. वीस हजार किलोमीटरवरून येणारा हा सिग्नल विमानापाशी पोचतो तेव्हा एका वॅटचे एक कोटी भाग करून त्यातल्या एका भागाचे पुन्हा एक अब्ज भाग केल्यावर जेवढे उरते तेवढाच उरतो. तो बुजवायला फार मोठे सामान लागत नाही. न्यू यॉर्कजवळच्या नेवार्क विमानतळाने उपग्रहावर आधारित नवी उतरण-प्रणाली बसवली, तर ती मधूनमधून अडखळू लागली. शोध घेतल्यावर सापडले की लगतच्या हमरस्त्यावरून जाणारे काही वाहनचालक गाडीच्या लायटरमध्ये खोचायचा स्वस्त जॅमर लावून फिरत होते, मालकाला आपण कुठे आहोत हे कळू नये म्हणून. २०१२ मध्ये पकडलेल्या एका ट्रकचालकाला पुढच्या वर्षी ३१,८७५ डॉलरचा दंड झाला. जॅमर विमानात नव्हता, हे मुद्दाम नोंदवतो.

अलीकडची बाधा याहून मोठी आणि हेतुपुरस्सर आहे. युद्धक्षेत्रांभोवती जीपीएस नुसते बुजवले जात नाही, खोटे पाठवले जाते. विमानाला वाटते आपण दुसऱ्याच ठिकाणी आहोत. २०२३ पासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या विमानांना हा अनुभव येऊ लागला. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या महासंचालनालयाने त्याबद्दल परिपत्रक काढले. एस्टोनियातल्या तार्तूला जाणारी सेवा फिनएअरने २०२४ च्या वसंतात महिनाभर थांबवली, कारण तिथे उतरण्याची पद्धत जीपीएसवर होती. मार्च २०२५ मध्ये नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री आणि पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, अशा ४६५ घटना नोंदल्या गेल्या. प्रवाशांच्या उपकरणांच्या सात वर्षांतल्या, जगभरच्या, संशयास्पद ७५ घटना या आकड्याशेजारी ठेवून पाहाव्यात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला.

संन्याशाच्या झोळीत मात्र एक जिन्नस खरोखर जळणारा आहे. फोनच्या लहरींपेक्षा त्याची बॅटरी जास्त घातक. २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ जगभरच्या विमानांतून हद्दपार झाला. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात उड्डाणापूर्वीच एअर बुसानच्या विमानाला आग लागली, संशय डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवर बँकेवर आला. माणसे वाचली, विमान जळाले. त्याच वर्षी सिंगापूर एअरलाइन्सने आणि नंतर एमिरेट्सने विमानात पॉवर बँक वापरायला मनाई केली. लहरींवरचा नियम मोडला तर बहुधा काही होत नव्हते, हा मोडला तर होऊ शकते, आणि घोषणा ऐकायची सवय तर आपली केव्हाच मोडलेली आहे.

खोट्या जीपीएसची कटकट मात्र थांबली नाही; नोव्हेंबर २०२५ मध्ये ती दिल्लीपर्यंत आली. इंदिरा गांधी विमानतळाच्या धावपट्टी क्रमांक १० वर जीपीएसच्या आधाराने उतरणाऱ्या काही विमानांना खोटे सिग्नल मिळाले, असे सरकारने १ डिसेंबरला संसदेत मान्य केले. उपग्रहाचा भरवसा नसेल तेव्हा जमिनीवरच्या पारंपरिक दिशादर्शक केंद्रांचे किमान जाळे देशात चालू ठेवले आहे असेही सांगितले. सिग्नल कुठून येतो हे शोधायचे काम विमानतळ प्राधिकरणाने सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग ऑर्गनायझेशनकडे सोपवले, आणि वैमानिकांनी अशी घटना दहा मिनिटांच्या आत कळवावी असा महासंचालनालयाचा आदेश आहे.